कारणाचा रकाना

अंजनेरीच्या कड्यावर चुना सांडल्यासारखे
पांढरे ओघळ दिसतात.
ओघळ जिथून सुरू होतो, तिथं बघायचं.
तिथं गिधाड असतं.

हे मला सोमा बेंडकोळीनं शिकवलं.
त्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं दुर्बीण
माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाला,
कंटाळा आला तर खुशाल कंटाळ, पण उठू नको.
पाखरू बसलंय तोवर आपणही बसायचं.

यंदा सात घरटी.
चार नंबरच्या कपारीत मार्गशीर्षात अंडं.
एकच.
वर्षाला एकच असतं, आणि तेही दर वर्षी असेलच असं नाही.
नर आणि मादी आळीपाळीनं बसतात,
माझा भाऊ सातपूरला कंपनीत जातो तशी पाळी,
फक्त भोंगा नसतो.
मी वहीत लिहिते. तारीख. वेळ.
कोण बसलं. कोण उठलं.
शेवटचा रकाना : कारण.
तो बहुतेक रिकामाच राहतो.

पौषात लग्नं नसतात,
म्हणून फोटोवाले मोकळे असतात.
रविवारी पठारावर नवरी आली,
गुलाबी झग्याची शेपूट दोघी मुलींनी उचललेली,
पायऱ्यांवरचं वाळकं गवत तिला चिकटलेलं.
वाईट नव्हती ती.
मला म्हणाली, ताई, एकट्याच बसता? भीती नाही वाटत?
आणि राजगिऱ्याचा लाडू दिला.
मी तो खाल्ला. तेही लिहायला हवं.

ड्रोन उडवायला बंदी आहे, मी म्हटलं.
पाचच मिनिटं, पोरगा म्हणाला,
आणि आम्ही गिधाडाचं काढतच नाहीये,
आम्हाला मागं दरी पाहिजे.

गोमाशीसारखं गुणगुणत ते वर गेलं,
मग कड्याला समांतर, मग कपारीसमोर थबकलं,
दारात उभं राहून घरात डोकावणाऱ्या
परक्या माणसासारखं.

गिधाड ओरडलं नाही.
एवढा मोठा जीव, पण ओरडणं त्याला येतच नाही.
त्यानं मान उचलली,
अंड्यावरून पाय काढला, अगदी सावकाश,
आणि कडा सोडला.

मी घड्याळ लावलं.
तिसऱ्या मिनिटाला ड्रोन खाली.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, मस्त आलं म्हणाले.
सातव्या मिनिटाला गिधाड अजून आभाळातच,
फार उंच, गोल, गोल.
अकराव्या मिनिटाला दोन डोमकावळे.
दुर्बीण खाली ठेवता आली असती मला.

पायथ्याच्या टपरीवर
रोशननं आठवड्यानं मोबाईल पुढं केला :
बघ, आपला डोंगर! चाळीस हजार लोकांनी पाहिलाय!
धुकं होतं. झगा उडत होता. गाणं होतं.
एकेचाळिसाव्या सेकंदाला
कड्यातून एक काळा ठिपका सुटतो
आणि डावीकडून खाली घसरत जातो.
रोशनला वाटलं, काचेवर काहीतरी लागलंय.
त्यानं अंगठ्यानं पुसलं.

साहेब म्हणाले, 'नैसर्गिक' लिही.
अंडं शेवटी कावळ्यानंच खाल्लं ना?
कावळ्याचा तो धर्मच आहे.
खरं आहे.
पण रकाना बोटभर रुंद,
त्यात कावळा मावतो, नवरी मावत नाही,
लाडू मावत नाही,
पाचच मिनिटं हे शब्दसुद्धा
अर्धे रेघेबाहेर जातात.

आणि ते परत आलं होतं, हे राहिलंच.
चोचीनं काटक्या सारख्या केल्या,
जिथं अंडं होतं तिथं दोनदा बघितलं,
आणि बसलं.
आज एकोणीस दिवस झाले.
पाळी चुकत नाही. पहाटे हा, दुपारी ती,
ऊन कपारीत शिरलं की पंख थोडे उघडून
खाली सावली धरतात.

संध्याकाळी सोमाच्या ओट्यापाशी थांबते.
त्याला आता कडा दिसत नाही,
तरी तोंड तिकडंच करून बसतो.
चार नंबर? तो विचारतो.

बसलंय, मी सांगते.